बर्फाच्या पेटीतील रक्तवाहिनी

अवयवदानाची बातमी कशी लिहायची याचा एक साचा आपल्याकडे तयार झाला आहे. दोन शहरांमधील अंतर, ते कापायला लागलेली मिनिटे, चौकाचौकांत उभे असलेले पोलीस आणि लगबगीने निघालेल्या माणसाच्या हातातील पेटी, एवढे आले की बातमी पूर्ण होते. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडच्या रुग्णालयात हृदय नेण्यात आले, तेव्हाच्या बातम्या अशाच होत्या आणि नंतरच्या बहुतेकांनी तीच वाट धरली. २०१६ च्या ‘ट्रॅफिक’ या हिंदी चित्रपटाची तर कथाच मुंबईहून पुण्याला हृदय पोचवण्याची आहे. मनोज बाजपेयी यांनी त्यात गाडी चालवणाऱ्या वाहतूक पोलिसाची भूमिका केली आहे. चित्रपट थरार उभा करतो, पण तो थरार घड्याळाचा आणि रस्त्याचा आहे. पेटीच्या आत काय चालले आहे, हा त्याचा विषय नाही.

चित्रपटाकडून ती अपेक्षा करू नये. वृत्तपत्राकडून थोडी करता येईल. शिक्षकाकडून मात्र ती करायलाच हवी, कारण बातमी वाचून आलेला आठवी-नववीचा एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, बर्फात ठेवलंय ना, मग एवढी घाई कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला बहुधा मिळणारे उत्तर असे असते की बर्फामुळे अवयव ताजा राहतो, पण फार वेळ राहत नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते भाजीपाल्याला आणि मासळीला लागू पडणारे उत्तर आहे. मासळी बर्फात घालतात ती जंतूंची वाढ रोखण्यासाठी. मासा मेलेलाच असतो. पेटीतील मूत्रपिंड किंवा हृदय मेलेले नसते. ते उपाशी असते. आणि या उपासात विशेष दुखावला जाणारा भाग म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर. बातमीत ही रक्तवाहिनी कधी येत नाही, आणि आपल्या वर्गातही ती सहसा येत नाही, हा माझा आक्षेप आहे. आक्षेप केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा असता तर त्यासाठी दोन-तीन पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. ‘बर्फ म्हणजे सुरक्षितता’ हे अर्धे वाक्य वाशीमसारख्या शेतीच्या जिल्ह्यात लोकांची बोटे घालवू शकते. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी थंडीचा हिशेब पाहू. तो फळ्यावर मांडण्याजोगा आहे. तापमान १० अंशांनी उतरले की पेशींतील रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. शरीराचे ३७ अंश सेल्सिअस हे तापमान २७ वर आले की खर्च निम्मा, १७ वर पाव, ७ वर एक अष्टमांश आणि पेटीतील ४ अंशांवर एक दशांशाच्या आसपास. म्हणजे थंडीने खर्च नव्वद टक्के वाचतो. ही मोठीच बचत आहे आणि अवयव-प्रतिरोपणाचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा राहिला. पण उरलेले दहा टक्के? ते भागवायला ना प्राणवायू, ना ग्लुकोज. पेशी काही काळ साठवणीवर आणि प्राणवायूविना चालणाऱ्या क्रियांवर निभावते, लॅक्टिक आम्ल साठत जाते आणि हळूहळू ऊर्जा संपते. घाई कशाला, याचे पहिले उत्तर या दहा टक्क्यांत आहे. हृदयाला साधारण चार ते सहा तास मिळतात, यकृताला आठ ते बारा, मूत्रपिंडाला एक दिवस किंवा त्याहून काहीसे अधिक.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. थंडी केवळ बचत करीत नाही, ती स्वतःही इजा करते. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. थंडीत हा पंप जवळजवळ बंद पडतो. सोडियम आत शिरते, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. स्नायूची एखादी पेशी थोडी फुगली तर तेवढ्याने लगेच काही अडत नाही. पण केशवाहिनीचे सगळे कामच तिच्या पोकळीवर अवलंबून. तिची भिंत म्हणजे पातळ पेशींचा एकेरी थर. पोकळी इतकी अरुंद, की तांबड्या पेशीला वाकून, एकेकटीने जावे लागते. भिंतीतल्या पेशी आत फुगल्या की वाट बंद. शस्त्रक्रिया उत्तम होते, मोठी रोहिणी बिनचूक जोडली जाते, चिमटा सोडताच रक्त आत शिरते, आणि तरीही अवयवाच्या काही भागात ते पोचतच नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत हा तोटा किती मोठा हे पाहायचे असेल तर एक आकडा पुरे: जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाच्या या अवयवातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते.

या अस्तराच्या रक्ताकडील बाजूवर साखरेच्या व प्रथिनांच्या रेणूंची एक बारीक लव असते. तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. मखमलीवरून बोट फिरवावे तसे रक्त या लवेवरून वाहते. लव शाबूत असते तोवर पांढऱ्या पेशी आणि बिंबिका भिंतीला चिकटत नाहीत. शीतसाठवणीत आणि विशेषतः त्यानंतर पुन्हा ऊब व रक्त मिळताना ही लव झडते. भिंत उघडी पडते. नव्या शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी आणि जखमी अशा दोन्ही अर्थांनी दिसू लागते. अस्तर एरवी नायट्रिक ऑक्साइड तयार करून रक्तवाहिनी सैल ठेवते, तेही काम मंदावते. थंडीत पेशींच्या आत मोकळे झालेले लोह प्राणवायूपासून घातक, अति-क्रियाशील रेणू बनवायला मदत करते. म्हणजे प्राणवायू नसताना उपासमार आणि प्राणवायू परत आल्यावर भाजणे, अशी ही दुहेरी इजा आहे. बातमीतील गाडी रुग्णालयाच्या दारात थांबते तेथे या इजेचा निम्मा भाग अजून व्हायचाच असतो!

हा प्रश्न आपल्याकडे केव्हा आला, हेही सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी दाता आणि रुग्ण एकाच रुग्णालयात असत. हृदय एका खोलीतून शेजारच्या खोलीत जाई. लांबच्या प्रवासाची पेटी हा विषयच नव्हता. १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, पुढे विभागवार समन्वय समित्या आल्या, विदर्भाची समिती नागपूरला काम करू लागली. आणि एका गावातील अवयव दुसऱ्या गावातील रुग्णाला देणे शक्य झाले. अंतर आले म्हणून पेटी आली. अंतराची गोष्ट आपण अभिमानाने सांगितली, पेटीची सांगायची राहिली.

पेटीत अवयव बर्फावर ठेवलेला नसतो, हे तर अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. काढण्यापूर्वीच त्याच्या रक्तवाहिन्यांतून थंडगार द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात. म्हणजे थंडी रक्तवाहिन्यांच्याच वाटेने आत जाते. मग अवयव द्रावणासह एका निर्जंतुक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या पिशवीत आणि ही तिसरी पिशवी बर्फात. बर्फाचा स्पर्श अवयवाला होऊ द्यायचा नाही यासाठी एवढा खटाटोप. गोठणाऱ्या पाण्याचे स्फटिक पेशींची आवरणे फाडतात आणि मग कोणतेही द्रावण उपयोगी पडत नाही.

द्रावणांचा इतिहास मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. १९६९ मध्ये अमेरिकेत जेफ्री कॉलिन्स यांनी मूत्रपिंडासाठी एक द्रावण सुचवले. त्यात पोटॅशियम भरपूर होते. कल्पना अशी, की बाहेरचे पाणी पेशीच्या आतील पाण्यासारखेच केले तर पंप बंद पडूनही क्षारांची देवघेव होणार नाही. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी या कल्पनेत भर घालून जे द्रावण बनवले, ते अनेक वर्षे जगभर प्रमाण मानले गेले. त्यात पेशीत सहज न शिरणारे मोठे रेणू घातले होते, जेणेकरून पाणी बाहेरच रोखले जावे. पिष्टापासून बनवलेला एक बहुवारिक आणि घातक रेणूंना आवर घालणारी द्रव्येही होती. यकृताची मुदत त्याने कितीतरी वाढली. परंतु या द्रावणाला एक खोट होती, आणि ती रक्तवाहिन्यांच्या बाजूनेच होती. इतके पोटॅशियम रक्तवाहिनी आकुंचित करते आणि तिच्या अस्तराला मानवत नाही. पेशींसाठी केलेली सोय नळीला जाचक ठरली. पुढच्या काही द्रावणांत म्हणून सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण उलटे केले गेले आणि पिष्टाऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकोल हा निराळा बहुवारिक वापरला गेला. एक उपाय, त्यातून निघालेली अडचण, तिच्यावरचा उपाय: विज्ञान कसे पुढे जाते हे शिकवायला न्यूटनच्या सफरचंदापेक्षा हे उदाहरण मला अधिक प्रामाणिक वाटते.

झडलेल्या लवेच्या जागी कृत्रिम लव बसवता येईल का, यावर कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जयचंद्रन किझाक्केदातु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. विकराच्या साहाय्याने त्यांनी रक्तवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर साखरेचे रेणू बसवलेला बहुवारिक जोडला. २०२१ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार उंदरांत अशा लेपित रोहिण्या व मूत्रपिंडे नव्या शरीराने कमी नाकारली. कल्पना सुंदर आहे. पण ती उंदरांतील आहे, हे वर्गात त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

येथे वृत्तपत्रांबद्दल आणखी एक तक्रार नोंदवतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने उंदराच्या जातीतील मोठ्या घुशीसारख्या प्राण्यांची, म्हणजे प्रयोगशाळेतील ‘रॅट’ची, मूत्रपिंडे काचेसारख्या अवस्थेत शंभर दिवसांपर्यंत जपून, पुन्हा ऊब देऊन प्रतिरोपित केली. कामगिरी थोर आहेच. पण अशा वृत्ताचे ‘आता अवयव महिनोन्‌महिने टिकणार’ असे रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. रॅटचे मूत्रपिंड माणसाच्या मूत्रपिंडाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे असते. लहान वस्तू सर्व बाजूंनी एकसारखी गार किंवा गरम करणे सोपे. मोठी वस्तू करताना ती तडकते. उकडलेला अख्खा बटाटा आणि त्याच्या फोडी यांतील कोणते आधी निवते, हे विद्यार्थ्यांना विचारा, म्हणजे अडचण कळेल.

याउलट ज्या प्रयोगांना फारशी प्रसिद्धी मिळाली नाही ते शिक्षकांच्या अधिक कामाचे आहेत. २००९ मध्ये युरोपातील एका मोठ्या चाचणीत ३३६ दात्यांची मूत्रपिंडे घेण्यात आली. प्रत्येक दात्याचे एक मूत्रपिंड बर्फाच्या पेटीत आणि दुसरे थंड द्रावण सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर. तुलनेसाठी याहून चोख जोडी कोठून मिळणार? पेटीतील मूत्रपिंडे मिळालेल्या ८९ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले. यंत्रावरच्या ७० रुग्णांना. द्रावण दोन्हीकडे थंडच होते. फरक होता तो नळ्यांतून प्रवाह चालू राहण्याचा. २०१८ मध्ये यकृतावर झालेल्या चाचणीत तर थंडीच सोडून दिली होती: यकृत शरीराच्या तापमानाला ठेवून त्यातून प्राणवायूयुक्त रक्त फिरवले, आणि बर्फातील यकृतांच्या तुलनेत इजा निम्म्यावर आली. टोरांटोच्या फुप्फुस-शल्यविशारदांना आढळले की फुप्फुस ४ अंशांपेक्षा १० अंशांवर अधिक चांगले राहते. ‘जितके थंड तितके चांगले’ हे समीकरण प्रयोगशाळेतच मोडले आहे. फळ्यावर ते अजून उभे आहे.

यावर कोणी म्हणेल की सामान्य माणसाला एवढे कशाला? अवयवदानाची प्रेरणा मिळाली की बातमीचे काम झाले. हे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. सोपे करून सांगणे हा गुन्हा नाही. माध्यमिक शाळेतील विज्ञान त्यावरच चालते. पण सोपे केलेले विधान पुढच्या पायरीवर उलटता कामा नये. ‘थंडीने पेशींची भूक कमी होते, पण फार थंडी त्यांना इजा करते’ हे वाक्य ‘बर्फाने अवयव टिकतो’ या वाक्याहून फारसे अवघड नाही, आणि ते उलटत नाही.

उलटणारे वाक्य कसे उलटते ते पाहायला वाशीम जिल्ह्यात यावे. हा सोयाबीनचा मुलूख. सोंगणी आटोपली की गंज्या लागतात आणि मग मळणीयंत्रांची घाई सुरू होते. कडबा कापण्याची यंत्रे तर बारमाही चालतात. यंत्रात हात ओढला जाणे, बोट तुटणे या घटना येथे कोणाला नव्या नाहीत. तुटलेले बोट पुन्हा जोडता येते, हे आता लोकांना ऐकून माहीत झाले आहे. म्हणून कोणी तरी शहाणपणाने बोट उचलते आणि शहाणपणानेच थेट बर्फात घालते, कारण पेटीतील अवयवाची बातमी त्याने वाचलेली असते. बोटातील रोहिणीचा व्यास एक मिलिमीटरच्या आसपास असतो. सूक्ष्मदर्शीखाली केसाहून बारीक धाग्याने ती जोडायची. तिचे अस्तर बर्फाने गोठून फाटले असेल तर टाके कितीही सुबक असोत, आत गुठळी होते. रुग्णाने तुकडा आणला, वेळेत आणला, आणि तरी बोट गेले.

डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून नागपूरकडे जातो. सुमारे अडीचशे किलोमीटरचे ते अंतर आता पूर्वीसारखे दिवस खात नाही. रस्त्याने मिनिटे वाचवली आहेत. ती वाचलेली मिनिटे बर्फात वाया घालवू नयेत, एवढेच काम शाळेकडे उरते, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान गावात आधीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेविकेला विचारा. लस न्यायच्या डब्यात ती गोठलेले आइसपॅक लगेच ठेवीत नाही. त्यांना बाहेर ठेवून घाम फुटू देते, हलवून आत पाण्याचा आवाज येतो का पाहते, मगच ठेवते. कारण घटसर्प-धनुर्वाताच्या किंवा काविळीच्या लसी गोठल्या की निकामी होतात. २ ते ८ अंश, त्याखाली नाही. हृदयाच्या पेटीचा नियम तिच्या डब्याच्या नियमाहून वेगळा नाही. एखाद्या शनिवारी तिला वर्गात बोलवावे. पोलिसांच्या पायघड्यांच्या बातमीपेक्षा मुले तिच्याकडून अधिक शिकतील.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही आहे. बिटाच्या सारख्या आकाराच्या चकत्या करून चांगल्या धुवाव्यात. काही शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, काही बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी दोन पेल्यांत साध्या पाण्यात टाकाव्यात. गोठलेल्या चकतीचे पाणी बघता बघता लालभडक होते, कारण फाटलेल्या आवरणांतून रंग सुटतो. खालच्या कप्प्यातील चकतीचे पाणी फिकट राहते. मात्र यावरून ‘न गोठवता केलेली थंडी निर्धोक’ असा निष्कर्ष मुले काढतील, तेव्हा केळ्याची आठवण द्यावी. शीतकपाटात केळी गोठत नाहीत, तरी त्यांची साल काळी पडते. बिटाला सोसते ते केळ्याला सोसत नाही. मूत्रपिंडाला सोसते ते हृदयाला सोसत नाही. भौतिकशास्त्राच्या तासालाही यातून एक धडा निघतो: कारखान्यातून आलेली बर्फाची लादी शून्याच्या बरीच खाली असू शकते, वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मात्र शून्यावर स्थिर राहते, आणि त्यात मीठ टाकले, कुल्फीवाला टाकतो तसे, तर ते पुन्हा शून्याखाली जाते. म्हणून तुटलेल्या बोटाच्या भांड्यात मीठ कधीही नको.

तुकडा मिळाल्यावर करायचे ते एवढेच. आधी माणसाकडे पाहावे: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. तुकड्यावरची माती स्वच्छ पाण्याने हळूच धुवावी, घासू नये. हळद, चुना, दूध, औषध काही लावू नये. सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या, निथळत्या नव्हे, स्वच्छ कापडात तो गुंडाळावा. ते कापड प्लॅस्टिकच्या कोरड्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, आणि ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या भांड्यात ठेवावी. पिशवीत बर्फ नाही, पाणीही नाही. बोटात स्नायूचा भाग जवळजवळ नसल्याने त्याला असे ठेवून दिवसभराचाही अवधी मिळू शकतो. मनगटावरून तुटलेल्या हाताला त्याहून बराच कमी, कोपरावरून तुटलेल्याला फारच थोडा. अपघाताची वेळ कागदावर लिहून ती चिठ्ठी पिशवीला बांधावी, आणि पिशवी रुग्णाच्याच गाडीतून पाठवावी, मागाहून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतून नव्हे.